सिमसन एन्ड्युरो: फोटो खरा, गोष्ट बनावट

गाड्यांच्या ग्रुपांवर सध्या एक पोस्ट फिरते आहे. फोटोत पूर्व जर्मनीची सिमसन एस५१ एन्ड्युरो ही मोपेड, वर उचललेला सायलेन्सर, ऐटबाज पवित्रा. खाली लिहिलंय: ‘साम्यवाद्यांनी शून्यातून उभा केलेला कारखाना. लष्करासाठी बनलेली डोंगरी मोपेड. बर्लिनची भिंत पडली आणि कारखान्याला टाळं लागलं. जर्मनीत आजही हिला वेगमर्यादा नाही.’ फोटो झकास आहे. वाक्यं मात्र एकेक करून बघू.

आधी ते ‘शून्यातून’. जर्मनीतल्या सुल या गावात सिमसन नावाच्या ज्यू भावांनी १८५६ साली ही कंपनी काढली. बंदुका, मग सायकली, पुढे चारचाकीसुद्धा. १९३५ मध्ये नाझींनी कारखाना भरपाईशिवाय हिसकावला आणि कुटुंबाला देश सोडून अमेरिका गाठावी लागली. युद्धानंतर तो रशियनांच्या ताब्यात गेला आणि तिथून पूर्व जर्मन सरकारकडे. पहिली मोपेड निघाली १९५५ मध्ये, एसआर१ या नावाने. गंमत अशी, की सरकारी कारखान्यातून निघालेल्या गाड्यांच्या टाकीवर नाव राहिलं ते त्याच हाकललेल्या भांडवलदार कुटुंबाचं. पोस्टने नेमकं तेच पुसलंय, आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच.

लष्करासाठी? तिथल्या लष्कराकडे एमझेड या दुसऱ्या पूर्व जर्मन कंपनीच्या २५० सीसी मोटरसायकली होत्या. एन्ड्युरो हा साध्या एस५१ चाच नट्टापट्टा केलेला अवतार. फोटो मोठा करून बघा: पायदानापासून मागे जाणारे जादा आधारदांडे आहेत, सायलेन्सर वर गेलाय, पण चाकं तीच १६ इंची. इंजिनही तेच, ५० सीसीच्या आतलं, ३.७ अश्वशक्तीचं. चिखलातल्या शर्यतींसाठी सिमसनने जीएस मालिकेच्या गाड्या वेगळ्या बनवल्या होत्या. एन्ड्युरो पोरांनी मिरवायची, शेतातल्या कच्च्या वाटेने तळ्यावर न्यायची. त्यात कमीपणा काही नाही, पण तिला रणगाड्याची बहीण करू नका. आणि ‘मोपेड’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लुनाची पेडलं येतात. हिला पेडल नाही, किक मारायची आणि गिअर टाकायचे.

टाळं लागलं हे अर्धवट. १९९० मध्ये पश्चिम जर्मनीचं चलन आलं, लोकांना सेकंडहँड मोटारी परवडू लागल्या आणि सिमसनचा खप कोसळला. कामगार गेले, कंपनीचे तुकडे झाले. तरी एस५३ सारख्या गाड्या निघत राहिल्या. दिवाळं निघालं २००२ मध्ये, म्हणजे भिंत पडल्यावर तब्बल तेरा वर्षांनी.

राहिला वेग. मर्यादा आहे, ताशी ६० किलोमीटर. जर्मनीत नव्या ५० सीसी गाड्यांना ४५ चीच परवानगी, म्हणून सिमसन मोकाट सुटल्यासारखी वाटते. पूर्व जर्मनीत या वर्गाला ६० ची मुभा होती आणि दोन्ही जर्मनींच्या एकीकरणाच्या करारात ती जुन्या गाड्यांपुरती राखली गेली. अट तारखेची: २८ फेब्रुवारी १९९२ पर्यंत रस्त्यावर आलेली गाडी हवी. ७० सीसीचा सिलिंडर बसवलात की सवलत गेली, आणि लायसन्सही मोटरसायकलचं लागतं.