खुलासा: बाखच्या काळचा सूर ४३२ हर्ट्झ नव्हता

‘बाख, हेंडेल ४३२ हर्ट्झला वाद्यं लावत, हार्पसिकॉर्डही तिथेच लावा’ असा मेसेज हार्पसिकॉर्ड (तारा छेडून वाजणारं जुनं कीबोर्ड वाद्य) शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. (बाख आणि हेंडेल हे अठराव्या शतकातले युरोपियन संगीतकार; हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, आणि इथले आकडे वाद्यं लावताना आधार धरतात त्या ‘ए’ (A) स्वराचे.)

तेव्हा सर्वत्र चालणारा एक आकडा नव्हताच. हेंडेलचा म्हणून जपलेला ट्यूनिंग फोर्क (सूर तपासायचा धातूचा काटा) ४२२.५ च्या आसपास वाजतो. जर्मन चर्चमधले बरेच ऑर्गन ४६५ च्या जवळ, म्हणूनच लाइपझिगमधल्या बाखच्या कँटाटांत (गायन-वाद्यांच्या रचनांत) ऑर्गनचा भाग इतरांपेक्षा एक पूर्ण स्वर खाली लिहिलेला आढळतो. (जुन्या संगीतासाठी आज वापरतात ते ४१५ सुद्धा आधुनिक सोयच: आजच्या नेहमीच्या ४४० च्या अर्धा स्वर खाली, कीबोर्ड एक पट्टी सरकवला की दोन्ही मिळतात.) ४४० ठरलं १९३९ च्या लंडन परिषदेत, त्याआधी १८५९ मध्ये फ्रान्सने ४३५ ठरवलं होतं.

मेसेज ऐकून वाद्य चढवलंत तर नुकसान तुमचंच. ४१५ वरून ४३२ म्हणजे तारांवर सुमारे ८ टक्के जादा ताण. जुन्या पद्धतीच्या लोखंडी-पितळी तारा आधीच तुटण्याच्या मर्यादेजवळ असतात, त्या पटापट तुटतात. बांधणाऱ्याने दिलेला सूर पाहा, तोच ठेवा.

हा मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.