बसून मिळालेला पगार

२०२३ च्या ऑगस्टमध्ये कर्नाटकात गृहलक्ष्मीचे महिना २००० रुपये सुरू झाले, तेव्हापासून आमच्या बेळगावच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक वाद धुमसतोय. फुकटचं देऊन सरकारनं बायकांना ऐतखाऊ केलं, कामाला माणूस मिळेना, असं निम्म्यांचं म्हणणं. पुढच्या वर्षी सीमेवरच्या शिनोळीपलीकडे महाराष्ट्रात लाडक्या बहिणीचे १५०० सुरू झाले आणि वादाला आणखी जोर चढला. मी श्टुटगार्टमध्ये हे वाचतो आणि दरवेळी मला २०२० चा एप्रिल आठवतो.

त्या महिन्यात मी घरी बसून होतो. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या कारखान्यानं कामाचे तास निम्म्यावर आणले, पण काढलं कुणालाच नाही. जर्मनीत याला कुर्त्सआर्बाइट म्हणतात. बुडालेल्या निव्वळ पगाराचे ६० टक्के बेरोजगारी विम्यातून मिळतात, पदरी मूल असेल तर ६७. त्या एप्रिलात जवळपास ६० लाख माणसं अशी घरी होती. मी मुलीबरोबर बाल्कनीत टोमॅटोची रोपं लावत होतो आणि पैसे खात्यात जमा होत होते. मला कुणी ऐतखाऊ म्हटलं नाही.

त्याच महिन्यात बेळगावच्या खासबागेत माझ्या मावशीचे दोन माग बंद पडले. सोप्यातच माग, लहानपणी तिथं जेवायला बसलो की भाजी वाढ म्हणायलाही ओरडावं लागायचं. मजुरी साडीमागे. सूत येईना, साड्या उचलायला व्यापारी येईना, म्हणजे मजुरी शून्य. रेशनचा तांदूळ मिळाला, जनधन खात्यात तीन महिने ५००-५०० आले. पावसाळ्यात पाटल्या गहाण पडल्या. दिवाळीआधी एक माग भंगारवाल्यानं तोडून, वजनावर नेला. "लोखंडाचा भाव आला रे, मागाचा नाही," मावशी फोनवर एवढंच म्हणाली.

आता वरच्या मजल्यावर काय चाललं होतं ते बघा. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स २६ हजारांखाली बंद झाला. जानेवारी २०२१ मध्ये त्यानं ५० हजार ओलांडले. मे २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ४ टक्क्यांवर आणला, कर्ज स्वस्त झालं. हप्ते थांबवायची सवलत ऑगस्टअखेरपर्यंत होती, पण ती बँकेच्या कर्जदाराला. सावकाराला असलं परिपत्रक कोण पाठवणार? संकट दोघांवरही आलं. ज्याच्याकडे शिल्लक होती त्याला थांबता आलं, पडलेल्या भावात घेता आलं. मावशीला पडलेल्या भावात विकावं लागलं. दरी इथं रुंदावते, आणि तेजी परत आली तरी बुजत नाही, कारण माग गेलेला असतो.

ग्रुपवर हे लिहिलं तेव्हा मामेभाऊ म्हणाला, "तुझा विमा तू भरलेला होतास." बरोबर आहे. माझ्या पगारातून दर महिन्याला कापला जायचा, तेवढाच मालकही घालायचा. पण आमच्या ऑफिसात झाडलोट करणारी बाई मिनीजॉबवर होती, म्हणजे महिना ४५० युरोंपर्यंतची नोकरी. तिला बेरोजगारी विमा नाही, म्हणून कुर्त्सआर्बाइटचा एक युरोही नाही. इकडेही ती मावशीच्याच रांगेत उभी होती.

म्हणून मला २००० रुपयांवर चिडलेल्यांचा राग येतो, आणि २००० रुपयांवर समाधान मानणाऱ्यांचाही. वडगाव, खासबागेतल्या विणकराचं आणि निपाणीच्या विडी वळणारणीचं नाव कुठल्या तरी मस्टरवर आलं पाहिजे. साडीमागे, हजार विड्यांमागे व्यापाऱ्यानं आणि सरकारनं काही रक्कम बाजूला टाकली पाहिजे, काम थांबेल त्या महिन्यासाठी. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि तो माझ्याही जिव्हाळ्याचा आहे. पण मावशीच्या शेजारचे विणकर कन्नड बोलतात, आणि त्यांचाही माग त्याच भंगारवाल्यानं नेला.

गृहलक्ष्मीचे पैसे मावशी खर्चत नाही. ते तिनं पाटल्यांसाठी बाजूला ठेवलेत. एक सोडवून झाली, दुसरी अजून गहाण आहे.