कामगार, सुपरवायझर, व्हेंडर वगैरे

चेक हातात आल्यावर मी आधी शून्यं मोजली. शून्यं बरोबर होती, त्यांच्या आधीचे आकडे चुकले होते. कंपनीशी तडजोड चौदा लाखांची आणि चेक 12,60,000 चा. वकीलसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून तो पाहिला आणि म्हणाले, "टीडीएस कापलाय, आगाऊ टॅक्स. रिटर्नमध्ये मिळेल." नऊ वर्षं ते "पुढच्या तारखेला होईल" ज्या सुरात म्हणत, तोच सूर. मग त्यांनी त्यांची फी घेतली. ती मात्र पूर्ण चौदा लाखांवर.

भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी अकरा वर्षं होतो. 2015 च्या दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी गेटवर माझं कार्ड पंच होईना. मशीन बिघडलं असेल म्हणून मी वॉचमनला हाक मारली. मशीन ठणठणीत होतं.

कामगार न्यायालयात कंपनीची सगळी कैफियत एका मुद्द्यावर उभी होती: मी कामगार नव्हतोच. कामगार असेल त्यालाच तिथे दाद, म्हणून त्यांनी मला सुपरवायझर केलं. माझ्या हाताखाली दोन हेल्पर होते, त्यातला एक कायम गावी. अकरा वर्षांत जे प्रमोशन मिळालं नाही, ते काढून टाकल्यावर मिळालं. माझ्या अर्जातल्या प्रत्येक परिच्छेदापुढे त्यांचं एकच उत्तर असे: "सदर मजकूर खोटा असून प्रतिवादीस मान्य नाही." एका परिच्छेदात फक्त माझा पत्ता होता. तोही मान्य नव्हता.

शेवटी दोन्ही बाजू दमल्या आणि तडजोडीची पुरसीस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, दाखल झाली. कुणीही काहीही कबूल केलेलं नाही, कुणाचंही काहीही राहिलेलं नाही, अशा अर्थाचे दोन कागद. घरी पेढे आले. आता इन्कमटॅक्सचं तेवढं उरकलं की संपलं, असं मला वाटत होतं.

आमच्या कट्ट्यावर सगळ्यांना टॅक्स कळतो. "भरपाईला टॅक्स नसतो," असा एकमताने निकाल लागला. शेजारच्या काकूंचा मुलगा सीए आहे, त्याने तो वरच्या कोर्टात फिरवला. "काका, कलम 17(3). माजी मालकाकडून नोकरी सुटण्याच्या संबंधात मिळालेली भरपाई पगारातच धरतात. त्याला कायद्यात नाव आहे, पगाराच्या बदल्यात झालेला नफा."

नफा! नऊ वर्षं मेव्हण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे वजन करून विकले, महिना बारा हजारांवर संसार ओढला, आणि सरकारदरबारी मी नफ्यात.

"बरं, वकिलाची फी तरी वजा होईल?"

"पगारातून नाही होत. स्टँडर्ड डिडक्शनचे, म्हणजे सरसकट वजावटीचे, 75,000 मिळतील, ते सगळ्याच पगारदारांना मिळतात."

म्हणजे वकीलसाहेबांनी नेलेल्या पैशांवरचा टॅक्सही मीच भरायचा. तेही त्यावर भरणार. एकाच नोटेवर दोघांनी.

कामगाराला नोकरीतून कमी केल्याच्या भरपाईवर कलम 10(10बी) खाली पाच लाखांच्या मर्यादेत थोडी सूट असते, असंही त्याने वाचलं. मी खुर्चीत पुढे सरकलो. "पण काका, तुम्ही कामगार होता हे कुठे सिद्ध झालंय?" मी मागे सरकलो.

मग त्याने इन्कमटॅक्सच्या पोर्टलवर माझं वार्षिक माहिती विवरण, म्हणजे मला कुणी किती दिले याची सरकारकडची यादी, उघडलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. कंपनीच्या नावापुढे 14,00,000, कापलेले 1,40,000 आणि कलम 194जे.

"म्हणजे?"

"प्रोफेशनल फी. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट यांना देतात ती. यांच्या हिशेबाने तुम्ही सल्लागार आहात."

अकरा वर्षांत मी त्या कंपनीला एकच सल्ला दिला होता, तीन नंबरच्या प्रेसचं गार्ड बदला म्हणून. त्याचेच चौदा लाख असतील तर कमीच दिले.

कंपनीला फोन करून दुरुस्ती करून घ्या, असं त्याने सुचवलं. ज्यांच्याशी नऊ वर्षं फक्त वकिलांमार्फत बोललो, त्यांना मी दुकानातल्या फोनवरून हॅलो म्हणालो. अकाउंट्समधली मुलगी गोड होती. "सर, एम्प्लॉयी कोड?" 1147, झोपेतून उठवलं तरी सांगेन. की-बोर्डची टकटक ऐकू आली. "असा कोड सिस्टमला नाही सर." मग पुन्हा टकटक. "हां, सापडलं! तुम्ही व्हेंडर आहात. व्हेंडर कोड घ्या लिहून." दुरुस्तीचं विचारलं तेव्हा ती लीगलशी बोलून कळवते म्हणाली. लीगलची गती मला ठाऊक होती.

पोर्टलवर त्या नोंदीबद्दल आपलं म्हणणं द्यायची सोय आहे. त्यात एक पर्याय बघून मला भरून आलं: माहिती नाकारली. सदर मजकूर मान्य नाही! मी माउसकडे झडप घातली. सीएने माझा हात धरला. "काका, ते 1,40,000 याच नोंदीला लटकलेत. नोंद नाकारली आणि टीडीएस मागितला तर प्रश्न विचारतील." म्हणजे माझे पैसे त्या खोट्याच्याच शेपटीला बांधलेले. आम्ही 'माहिती पूर्णपणे बरोबर नाही' या मवाळ पर्यायावर तडजोड केली. दुसरी तडजोड. हिच्यात पेढे नाहीत.

एक गोष्ट मात्र खरंच कामाची निघाली, कलम 89 ची सवलत. एकदम आलेली भरपाई मागच्या तीन वर्षांत तिसरा-तिसरा हिस्सा वाटून बघायची, तेव्हा किती दराने टॅक्स बसला असता ते काढायचं आणि फरकाइतकी सूट घ्यायची. त्यासाठी तेव्हा फॉर्म 10ई लागायचा, तोही रिटर्नच्या आधी. आधी रिटर्न भरून मग फॉर्म भरणाऱ्यांना सवलत नाकारल्याच्या नोटिसा येत. माझी मागची तीन वर्षं खिळ्यांची असल्यामुळे दर अगदी मरतुकडा निघाला. गरिबीचा आयुष्यात पहिल्यांदा फायदा झाला, सत्तर-पंच्याहत्तर हजारांचा.

31 जुलैची मुदत त्या वर्षी 15 सप्टेंबरपर्यंत वाढली होती, शेवटी आणखी एक दिवस मिळाला. आम्ही बारा तारखेला रात्री बसलो. रिटर्नमध्ये 'नोकरीचं स्वरूप' असा रकाना येतो. केंद्र सरकार, राज्य सरकार, सार्वजनिक उपक्रम, निरनिराळे पेन्शनर आणि त्यांच्या खाली 'इतर'. सीएने न विचारता 'इतर' निवडलं. ज्यासाठी नऊ वर्षं भांडलो, ते त्याने एका क्लिकमध्ये मिटवलं.

परतावा खात्यात आला. अन् एप्रिलमध्ये कंपनीचं पाकीट आलं. बायकोने देवापुढे ठेवून मग फोडलं. आत छापील पत्र: प्रिय व्हेंडर, 31 मार्चअखेर आमच्या पुस्तकांप्रमाणे आपली येणे बाकी शून्य आहे, मान्य असल्यास सही-शिक्क्यानिशी परत पाठवावे.

मी पेन काढलं आणि सहीच्या जागी ठसठशीत अक्षरात लिहिलं, "सदर मजकूर खोटा असून मान्य नाही."

बायकोने कागद ओढून घेतला. "पाठवू नका. आणखी नऊ वर्षं मी डबे नाही देणार."