मिस्टर डॉक्टर आणि इतर मानकरी

परदेशातल्या मराठी मंडळात काम अंगावर घ्यायचंच असेल तर मोदक वळावेत, खुर्च्या उचलाव्यात, ढोल-ताशासाठी कौन्सिलशी भांडावं. पाहुण्यांच्या नावांच्या पाट्या करायचं काम मात्र चुकूनही घेऊ नये. आमच्या लंडनच्या उपनगरातल्या गणेशोत्सवात ते माझ्या गळ्यात पडलं. कारण काय, तर ‘तुझं इंग्रजी चांगलं आहे.’ इंग्रजी चांगलं असण्याचा आणि या प्रकाराचा काडीचाही संबंध नाही. हे सगळं सोवळं-ओवळं आहे, फक्त इंग्रजीत.

यादीत पहिल्या होत्या महापौरबाई. त्यांच्या कचेरीतून सूचनांचा कागद आधीच आला. लिहायचं ‘द वर्शिपफुल द मेयर’, दोन्ही ‘द’सकट. बोलायचं ‘मॅडम मेयर’. त्यांचे यजमान ‘मेयर्स कॉन्सॉर्ट’. बरोच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, हद्दीत पहिला मान महापौरांचा, राजाचा प्रतिनिधी म्हणून लॉर्ड लेफ्टनंट आला तरच त्याच्याखाली.

‘आणि गणपती कितव्या नंबरवर?’ आमच्या खजिनदारकाकांनी विचारलं. कागदावर त्याचं उत्तर नव्हतं.

बरं, हे ‘वर्शिपफुल’ नुसत्या महापौरांचंच नाही. लंडन शहरातले जुने व्यापारी संघसुद्धा वर्शिपफुल असतात. मासळीवाल्यांचा आहे, त्याचं नाव ‘वर्शिपफुल कंपनी ऑफ फिशमाँगर्स’. वरळी कोळीवाड्यातल्या मैत्रिणीला हे फोनवर सांगितलं, तर म्हणाली, ‘मग? आम्ही आहोतच!’

त्यानंतर लॉर्डसाहेब. इथली उतरंड अशी : ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. ड्यूकला ‘युअर ग्रेस’. मार्क्वेस ‘मोस्ट ऑनरेबल’, खालचे तिघे ‘राइट ऑनरेबल’. आमचे लॉर्ड १९५८च्या कायद्याने तहहयात नेमलेले, म्हणजे हुद्द्याने बॅरन, पण त्यांना बॅरन म्हणायचं नाही, लॉर्डच म्हणायचं. पदवी त्यांच्याबरोबर संपणार, मुलाला मिळणार नाही. मुलगा बिचारा जन्मभर नुसता ‘ऑनरेबल’.

नाइट, म्हणजे ‘सर’ हा किताब मिळालेला माणूस, त्याचं वेगळंच. आपल्याकडे सर आडनावाच्या मागे उभे राहतात : जोशी सर, कुलकर्णी सर. इथे ‘सर’ पुढे येतो आणि पहिल्या नावाला चिकटतो. १८४२ साली नाइट झालेले मुंबईचे जीजीभॉय म्हणून ‘सर जमशेटजी’. ‘सर जीजीभॉय’ म्हटलंत की इंग्रज कानावर हात ठेवतो. सरांची बायको आपोआप ‘लेडी’ होते. पण बाई स्वतःच्या कर्तृत्वाने ‘डेम’ झाली तर नवऱ्याला काहीच नाही, तो कोरडाच. मला हा नियम फार आवडला. आमच्या घरी तो फारसा आवडला नाही.

हॉल चर्चचा, त्यामुळे विकारना, म्हणजे तिथल्या पाद्रींना, बोलावणं आलंच. ते ‘रेव्हरंड’. डीन ‘व्हेरी रेव्हरंड’, बिशप ‘राइट रेव्हरंड’, आर्चबिशप ‘मोस्ट रेव्हरंड’. मिसळीच्या तर्रीसारखं आहे, मध्यम, तिखट, झणझणीत, एवढं धरून ठेवलं की झालं. शिवाय ‘रेव्हरंड’ आणि नुसतं आडनाव हे शिष्टसंमत नाही, मधे पहिलं नाव हवं. एवढी तालीम करून मी दारात उभी राहिले, तर विकारसाहेब सायकलवरून आले, हेल्मेट काढलं आणि म्हणाले, ‘डेव्ह म्हणा.’ पाटी त्यांनी पाहिलीच नाही. बटाटेवडा मात्र दोनदा मागून घेतला.

खरी आग लागली ती घरच्याच माणसांत. मंडळातला एक मुलगा हाडांचा सर्जन. त्याच्या पाटीवर मी नियमाप्रमाणे ‘मिस्टर’ छापलं. ब्रिटनमध्ये फिजिशियन, म्हणजे औषधं देणारे, ‘डॉक्टर’ आणि सर्जन ‘मिस्टर’. साताऱ्याहून आलेल्या त्याच्या वडिलांनी ती पाटी उचलली, चष्मा कपाळावर ढकलून जवळून वाचली आणि भर मांडवात आवाज चढवला.

‘एमबीबीएस, एमएस, वर इथल्या परीक्षा, आणि शेवटी मिस्टर? मिस्टर तर मीपण आहे!’

मी म्हटलं, ‘काका, त्याला इतिहास आहे.’ हेन्री आठव्याच्या काळात, १५४० साली, इथले न्हावी आणि सर्जन एकाच कंपनीत घातले होते. १७४५पर्यंत ते एकत्र नांदले. विद्यापीठाची पदवी फिजिशियनांकडे, म्हणून डॉक्टर ते. सर्जन काम शिकून तयार होत, म्हणून मिस्टर. पुढे त्यांनाही पदव्या मिळाल्या, पण तोवर ‘मिस्टर’चाच अभिमान वाटायला लागला होता.

‘म्हणजे भांडण इंग्रजांचं इंग्रजांशी,’ काका म्हणाले, ‘आणि दंड माझ्या पोराला!’

खिशातलं बॉलपेन निघालं. ‘मिस्टर’वर काट, वर ठसठशीत ‘डॉ.’. पोरगा धावत आला. त्याच्यासोबत दवाखान्यातले दोन सहकारी होते आणि सर्जनाच्या नावाआधी ‘डॉक्टर’ दिसलं की इथे लोकांना वाटतं, गडी अजून परीक्षा पास व्हायचाय. त्याने ‘डॉ.’वर काट मारून ‘मिस्टर’ लिहिलं. काकांनी आरती होईपर्यंत दम धरला. प्रसादाच्या वेळी पाटीवर ‘डॉ. मिस्टर’ होतं. सहकाऱ्यांपैकी एकाने अगदी गंभीरपणे विचारलं, ही भारतातली वरची पदवी आहे का? काका म्हणाले, ‘येस.’

खरं तर आपल्या राज्यघटनेच्या कलम १८ने लष्करी आणि शैक्षणिक सोडून बाकी सगळे किताब रद्द केलेत. २०१२ साली राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी देशातल्या देशात ‘हिज एक्सलन्सी’लाही रजा दिली. हे मी आमच्या अध्यक्षांना सांगितलं, कारण त्यांना स्वतःच्या पाटीवर ‘ऑनरेबल’ हवं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, ‘घटना तिकडे. हे लंडन आहे.’

लॉर्डसाहेब शेवटी आलेच नाहीत, त्यांच्या खुर्चीवर कुणाचं तरी बाळ निजवलं होतं, ‘राइट ऑनरेबल’ पाटीसमोर. संक्रांतीला म्हणे विकार आपल्या वरिष्ठांना, आर्चडीकनना, घेऊन येणार आहेत. त्यांना ‘द व्हेनरेबल’ लिहितात. तिळगूळ वळायचं काम मी आत्ताच मागून घेतलंय.