रहस्य ओळखलं गेलं तर बिघडलं कुठे?

टेबलाभोवती बसून, फासे टाकत एकत्र गोष्ट रचायच्या रोलप्लेइंग खेळांत एक जण डीएम (डंजन मास्टर) म्हणून जग आणि गोष्ट सांभाळतो, आणि बाकीचे प्लेअर त्यातलं एकेक पात्र, म्हणजे कॅरॅक्टर, खेळतात. नव्याने कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन्स (बैठका) चालणारी सलग गोष्ट, चालवायला घेतलेल्या डीएम मंडळींकडून एक प्रश्न मला सारखा येतो. "माझ्या गोष्टीतला मुख्य ट्विस्ट एका प्लेअरने आधीच ओळखलाय. आता गुन्हेगार बदलू का?"

नका बदलू. कृपा करून नका बदलू.

त्या प्लेअरने महिनोन् महिने लक्ष देऊन ऐकलंय. समजा, सरदाराच्या अंगठीवरचा शिक्का आणि जळालेल्या पत्रावरचा शिक्का एकच आहे, हे तिने वहीत टिपून ठेवलंय. आता तुम्ही गुपचूप गुन्हेगार बदललात, तर मागचे सगळे क्लू खोटे ठरतात. जो सगळ्यात मन लावून खेळला, त्यालाच शिक्षा. आणि हे लपून राहत नाही. एकदा का टेबलला, म्हणजे खेळणाऱ्या सगळ्यांना, वाटलं की डीएम आपल्या अंदाजाप्रमाणे सत्य फिरवतो, की अंदाज बांधणंच बंद होतं. मग लोक निमूटपणे फासे टाकतात आणि "पुढे काय होतं?" म्हणून तुमच्या तोंडाकडे बघत बसतात.

मुळात टेबलवर रहस्य उलगडणं अवघड असतं, हे डीएमच्या लक्षात येत नाही, कारण त्याला उत्तर माहीत असतं. कादंबरीतल्या गुप्तहेराला लेखक हवं तेव्हा हवं ते सुचवू शकतो. इथे चार-पाच जण दिवसभर काम करून आलेले असतात आणि मागचं सेशन पंधरा दिवसांपूर्वी झालेलं असतं. तुम्हाला ढळढळीत वाटणारा क्लू त्यांच्या कानावरून निघून जातो. या खेळांवर ब्लॉग लिहिणाऱ्या जस्टिन अलेक्झांडरने 2008 मध्ये मांडलेला तीन क्लूंचा नियम यासाठीच आहे: जो निष्कर्ष प्लेअर्सनी काढावा असं वाटतं, त्याच्याकडे नेणारे निदान तीन क्लू ठेवा. एक त्यांना सापडणारच नाही, दुसऱ्याकडे ते दुर्लक्ष करतील, तिसऱ्याचा भलताच अर्थ लावतील, हे धरूनच चालायचं. खेळ रचणाऱ्या रॉबिन लॉझची गमशू ही तपासाच्या खेळांसाठीची नियमपद्धत तर आणखी पुढे जाते. तुमच्या कॅरॅक्टरकडे योग्य कौशल्य आहे आणि तुम्ही योग्य जागी शोधताय, तर तपास पुढे नेणारा क्लू मिळतोच, फासा टाकायचाच नाही. हे मला मनापासून पटतं. टेबलाच्या खणातलं पत्र वाईट रोलमुळे, म्हणजे फासा वाईट पडल्यामुळे, सापडलं नाही आणि म्हणून सगळं कॅम्पेन अडून बसलं, यात कोणाला काय मजा आली?

पण क्लू असे सढळ हाताने वाटले, तर खेळात राहिलं काय? राहतं ते हे, की कळल्यावर तुम्ही काय करता. आणि इथेच बॅकस्टोरी, म्हणजे कॅरॅक्टरचा खेळाआधीचा भूतकाळ, कामाला येते.

'मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप' हे 'कॉल ऑफ क्थुलू' या भयकथांच्या खेळाचं गाजलेलं कॅम्पेन, केऑसियम कंपनीने 1984 मध्ये काढलेलं. त्याची सुरुवात सांगायला हरकत नाही. 1925 चं न्यूयॉर्क. गुप्त पंथांवर पुस्तकं लिहिणारा जॅक्सन इलियास हा मित्र तुम्हाला बोलावून घेतो, आणि तुम्ही हॉटेलात पोहोचता तोवर त्याचा खून झालेला असतो. खोलीत शांघायच्या एका बारची काडेपेटी वगैरे वस्तू पडलेल्या असतात आणि तिथून धागेदोरे लंडन, कैरो, केनिया, शांघायपर्यंत जातात. रचना उत्तमच आहे. पण मूळ आवृत्तीत अडचण होती ती 'मित्र' या शब्दापाशी. हा तुमचा जिवलग आहे असं कीपरने (या खेळातल्या डीएमने) सांगायचं आणि दहा मिनिटांत त्याचं प्रेत दाखवायचं. प्लेअर्सनी त्याच्याशी एक शब्दही बोललेला नसतो. 2018 च्या नव्या आवृत्तीत यावर साधा इलाज केला. सुरुवातीला 1921 मधला पेरूचा एक भाग जोडला, ज्यात इलियास जिवंत आहे आणि तुमच्याबरोबर फिरतोय. आता न्यूयॉर्कमध्ये दार उघडतं, तेव्हा आत कोण पडलंय ते टेबलला माहीत असतं. क्लू त्याच काडेपेटीचा, पण ती उचलणारा हात बदललेला असतो.

माझ्या टेबलवर याचा फार चांगला अनुभव आला. आमचं जग घरीच रचलेलं आहे. बंदराचं एक गाव, आणि मिठाची गलबतं खडकांवर आपटून फुटताहेत. एका मैत्रिणीने बॅकस्टोरी म्हणून एवढंच लिहून दिलं होतं: "मोठा भाऊ घर सोडून गेला, बाबा त्याचं नाव काढू देत नाहीत." पुढे खेळता खेळता ती बोलून गेली की दोर बांधायची एक विशिष्ट गाठ भावाने तिला शिकवली होती. मी ते लिहून ठेवलं. कितीतरी सेशन्सनंतर सगळे दीपगृहात चढले. दिव्यावरची झडप कोणीतरी मुद्दाम बंद करून बांधून टाकलेली. मी सुतळीचा गाठ मारलेला तुकडा टेबलवर तिच्यासमोर ठेवला. रोल मागितला नाही. तिने तो उचलला, बोटांनी चाचपला, खिशात टाकला आणि बाकीच्यांना म्हणाली, "इथे काही नाही. चला."

टेबलवरच्या प्रत्येकाला त्या क्षणी कळलं की भाऊच ते काम करतोय. रहस्य संपलं, आणि खरा खेळ त्यानंतर रंगला. ती किती दिवस लपवणार, बुडालेल्या खलाशाच्या बायकोसमोर खोटं बोलणार का, सोबत्यांपैकी कोणाला आधी सांगणार. पुढची कितीतरी सेशन्स यावर गेली. मी जवळजवळ काही करत नव्हते.

म्हणून मला तीन पानी बॅकस्टोरी नको असते. तीन पानांत सगळं आधीच घडून गेलेलं असतं. मला एक जिवंत माणूस आणि एक न मिटलेली गोष्ट हवी. जिवंत यावर माझा भर आहे. दर दुसरं कॅरॅक्टर अनाथ का असतं? कारण डीएम लोकांनी वर्षानुवर्षं आई-बहिणींचा उपयोग पळवून नेण्यासाठी आणि मारण्यासाठीच केला. प्लेअर शहाणे झाले, त्यांनी घरदारच ठेवणं सोडलं. त्यांना परत विश्वास वाटायला हवा असेल, तर घरच्यांना गोष्टीत साधेपणाने येऊ द्या. आई पत्र पाठवते, मामा उधारी मागतो, बहिणीचं लग्न ठरतं. प्रत्येक नातं ओलीस धरण्यासाठी नसतं.

'ब्रिंडलवुड बे'सारख्या खेळात खुनी आधी ठरलेलाच नसतो. प्लेअर क्लू गोळा करतात, आपला तर्क मांडतात आणि तो बरोबर निघाला की नाही हे फासे ठरवतात. तो खेळ मला आवडतो, आणि वर म्हटलेल्या लबाडीशी त्याचा संबंध नाही, कारण तिथे हा नियम सगळ्यांना पहिल्यापासून माहीत असतो. पण कोणाच्या तरी भूतकाळाला हात घालणारं रहस्य मी असं मोकळं ठेवत नाही. त्याचं उत्तर आधी ठरवते आणि वहीत लिहून ठेवते.

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या 2014 च्या प्लेअर्स हँडबुक या नियमपुस्तकात प्रत्येक बॅकग्राउंडसोबत (कॅरॅक्टरच्या पूर्वायुष्याच्या प्रकारासोबत) आदर्श, बंध, उणिवा यांचे तक्ते होते. 2024 च्या आवृत्तीत ते गेले, याचं मला वाईट वाटतं. नवख्या प्लेअरला 'बंध', म्हणजे कॅरॅक्टर कोणाशी किंवा कशाशी जोडलेलं आहे, हा रकाना फार उपयोगी पडायचा. आता सेशन झीरोला, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या तयारीच्या बैठकीत, मीच विचारते: तुझ्या कॅरॅक्टरला कोणाबद्दल खरं काय ते जाणून घ्यायचंय? ते कळलं तर कॅरॅक्टरचं काय नुकसान होईल? आणि काय झालेलं तुला अजिबात चालणार नाही? या शेवटच्या प्रश्नाला त्या मैत्रिणीने उत्तर दिलं होतं, "भाऊ कितीही वाईट निघू दे, पण तो मेलेला सापडायला नको." म्हणून तो आजही जिवंत आहे, बंदराच्या तुरुंगात, आणि पुढच्या सेशनला ती त्याला भेटायला जाणार आहे.