तेच उत्तर दहादा आलं म्हणजे निकाल पक्का नव्हे

‘एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये सिम्युलेशन दहा वेळा चालवलं, थ्रूपुट (दर सेकंदाला पोचलेला डेटा) दरवेळी तेवढाच आला, म्हणजे निकाल खात्रीचा’ असं सर्रास सांगितलं जातं. हे चूक आहे. कोणते रँडम आकडे येणार हे ठरवणारे सीड आणि रन क्रमांक दोन्ही मुळात १ असतात. ते न बदलल्यास रँडम आकड्यांची तीच मालिका पुन्हा येते. म्हणजे हाती एकाच रनच्या दहा प्रती!

सीड तसाच ठेवून रन क्रमांक (‘आरएनजी रन’) १ ते १० असा बदला. स्क्रिप्ट कमांड लाइन पार्स करत (वाचून घेत) नसेल, तर तिथे दिलेला क्रमांक लागूच होत नाही आणि एररही दिसत नाही. हे आधी तपासाच. मग सरासरीच्या दोन्ही बाजूंना २.२६२ (दहा रनसाठी टी-वितरणाचा गुणक) × प्रमाण विचलन ÷ √१० एवढं अंतर घ्या. हा ९५ टक्के विश्वासाचा पट्टा. टीसीपी या डेटा पोचवणाऱ्या प्रोटोकॉलचा स्थिर थ्रूपुट हवा असेल, तर स्लो स्टार्टचा, म्हणजे सुरुवातीला वेग वाढत जाण्याचा काळ मोजणीतून वगळा.