सुई नवी, सिरिंज जुनी: सिस्टरांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

‘सिस्टर लोकहो, ट्रेनिंगच्या नावाखाली तुमचा वेळ वाया चाललाय’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या अमरावतीपासून गडचिरोलीपर्यंत फिरतो आहे. जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या भाचीने तो पाठवला आणि खाली विचारलं, “मावशी, आमच्या वॉर्डात पण असंच करतात. बरोबर आहे ना?” नाही ना बाई. म्हणून हे लिहावं लागतंय.

मेसेजमध्ये सहा मुद्दे आहेत. एक, हातमोजे घातले की हात धुवायची गरज नाही. दोन, संसर्ग सुईतून होतो, म्हणून सुई बदला, सिरिंज तीच चालते. तीन, ब्लीचिंगचं पाणी जितकं कडक तितकं चांगलं. चार, वापरलेल्या सुईला लगेच टोपण लावा, म्हणजे टोचत नाही. पाच, बाळंतिणीला पाच दिवस अँटिबायोटिक दिलं की इन्फेक्शनचा प्रश्नच मिटला. सहा, ही सगळी थेरं नागपूरच्या मोठ्या दवाखान्यांसाठी आहेत, खेड्याच्या मोकळ्या हवेत जंतू टिकत नाहीत.

क्रमाने जात नाही. दुसऱ्या मुद्द्याने माणसं मरतात, म्हणून आधी तो.

सुई टोचली, औषध गेलं, सुई बाहेर आली. त्या वेळी सुईच्या पोकळीत आणि तिच्या प्लास्टिकच्या बुडाशी रक्ताचा किंवा ऊतींतल्या द्रवाचा अंश उरतो. दट्ट्यावरचा अंगठा थोडा सैल झाला किंवा सुई ओढून काढली, की तो अंश मागे नळीत खेचला जातो. डोळ्यांना काही दिसत नाही, सिरिंज स्वच्छच वाटते. पण हिपॅटायटिस बी (यकृताचा विषाणूजन्य आजार) असलेल्या माणसाच्या एका मिलिलिटर रक्तात विषाणू कोट्यवधींच्या संख्येत असू शकतात आणि वाळलेल्या रक्तातही ते किमान सात दिवस जिवंत राहतात. मग त्या सिरिंजला नवी सुई लावून काय साधलं? ‘आपण तर सलाईनच्या नळीतून देतो, पेशंटला सुई लागतच नाही’ हेही चालत नाही. नळीत रक्त उलटं चढतं, ते कधी दिसतं, कधी दिसत नाही.

हे नुसतं पुस्तकी नाही. अमेरिकेत लास वेगासच्या एका एंडोस्कोपी क्लिनिकमध्ये नेमकं हेच घडलं आणि २००८ मध्ये उघडकीस आलं. तिथे भुलीचं प्रोपोफॉल देत. पेशंटला आणखी डोस लागला की सुई नवी लावायचे, सिरिंज तीच ठेवायचे आणि ती पुन्हा औषधाच्या त्याच व्हायलमध्ये, म्हणजे रबरी बुचाच्या बाटलीत, घालायचे. सिरिंजमधला हिपॅटायटिस सी व्हायलमध्ये उतरला. व्हायल एकाच पेशंटसाठी होती, पण उरलेलं औषध फेकायचं कशाला म्हणून ते पुढच्याला दिलं. त्या पुढच्या पेशंटसाठी सुईही नवी होती आणि सिरिंजही नवी, तरी त्याला आजार लागला. आरोग्य खात्याला साठ हजारांवर लोकांना पत्रं पाठवून रक्ततपासणीसाठी बोलवावं लागलं. मेसेजवाल्याने हा परिच्छेद दोनदा वाचावा. तो सांगतो ती ‘युक्ती’ तिथे अक्षरशः पाळली जात होती. लांबचं उदाहरण नको असेल तर गुजरातेतलं मोडासा घ्या. २००९ मध्ये तिथल्या हिपॅटायटिस बी च्या साथीचा माग वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरण्यापर्यंतच गेला होता.

आपल्याकडे याचं गावठी रूप वेगळं असतं. पाचशे मिलिच्या सलाईनच्या बाटलीच्या रबराला एक सुई टोचून ठेवायची आणि दिवसभर सगळ्यांची इंजेक्शनं त्यातूनच पातळ करायची. ही बाटली म्हणजे अख्ख्या वॉर्डाची सामाईक व्हायल झाली. एकाची वापरलेली सिरिंज एकदा जरी त्या सुईला लागली, तरी पुढच्या सगळ्यांचं कल्याण. त्यासाठी डिस्टिल्ड वॉटरचा छोटा अँप्यूल असतो. एक पेशंट, एक अँप्यूल, उरलेलं फेकायचं. इन्सुलिन किंवा लिग्नोकेनसारख्या अनेक डोसांच्या व्हायलमध्ये दर वेळी नवी सुई आणि नवी सिरिंज. आधी रबर स्पिरिटने पुसून वाळू द्यायचं, उघडल्याची तारीख लेबलवर लिहायची, आणि रबरात सुई टोचून ठेवायची नाही. कंपनीने वेगळं लिहिलं नसेल तर २८ दिवसांनी व्हायल बाद.

आणि ते स्पिरिटमध्ये भिजवलेले बोळे, सकाळी भरलेल्या स्टीलच्या डब्यातले. दिवसभर त्यात सगळ्यांची बोटं जातात आणि स्पिरिट उडत राहतं. असे आधी भिजवून ठेवलेले बोळे वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या इंजेक्शनविषयक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं आहे. कोरडा बोळा घ्या, वेळेवर स्पिरिट घाला, तीस सेकंद पुसा आणि तीस सेकंद वाळू द्या. फुंकर मारून वाळवायचं नाही.

आता ब्लीचिंग. ०.५ टक्क्याचं द्रावण करायला एक लिटर पाण्यात १५ ग्रॅम पावडर लागते, म्हणजे सपाट तीन चमचे. बादली प्लास्टिकची घ्यायची. हातमोजे आणि मास्क घालून, दार उघडं ठेवून, आधी थोड्या पाण्यात पेस्ट करायची, मग उरलेलं पाणी. हा हिशोब पावडरमध्ये ३० ते ३५ टक्के क्लोरीन शिल्लक असेल तरच लागू होतो. पण उघड्या तोंडाचं पोतं स्टोअरच्या कोपऱ्यात मे महिन्याच्या ४५ अंशात तापलं आणि नंतर पावसाळ्यात सर्दावलं, की त्यात उरतो तो चुना. नाकाला झोंबणारा वास नसेल आणि ढेकळं झाली असतील, तर अशी पावडर दुप्पट टाकूनही उपयोग नाही. उलट ताज्या पावडरचं कडक पाणी केलं की कात्री आणि आर्टरी फोर्सेप्स (रक्तवाहिनी पकडायचा चिमटा) गंजतात. सांध्यात खड्डे पडले की रक्त तिथेच अडकतं, मग ऑटोक्लेव्ह केला, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक केलं, तरी भरवसा नाही. द्रावणात बुडवून ठेवायची दहा मिनिटं म्हणजे घड्याळाची दहा मिनिटं, ड्यूटी संपेपर्यंत नव्हे. आणि ब्लीचिंगमध्ये संडास साफ करायचं ॲसिड मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत तो साफसफाई करणाऱ्या मावशींच्या जिवावर बेतू शकतो.

इथे एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. हत्यारं घासण्याआधी क्लोरीनमध्ये बुडवणं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शिकेत नको म्हटलं आहे. धातू खराब होतो आणि रक्त लागलेलं असेल तर क्लोरीनचा जोर तिथेच संपतो. आपल्याकडच्या लेबर रूममध्ये ती बादली अजून आहे. मेसेजवाल्याने थोडं वाचलं असतं तर त्याला एक खरा मुद्दा मिळाला असता. पण त्याला पाणी कडक करायचं होतं.

टोपणाचा मुद्दा उलटा आहे. सुई बोटात बऱ्याचदा जाते ती टोपण लावतानाच, कारण दुसरा हात समोर असतो. हब कटर, म्हणजे सुई कापायचं यंत्र, पेशंटजवळ न्या, सुई तिथेच कापा. सुई पांढऱ्या, टोचून न फुटणाऱ्या डब्यात, सिरिंज लाल पिशवीत, आणि डबा पाऊण भरला की बंद. टोपण लावणं अगदीच भाग पडलं तर ते ट्रेमध्ये आडवं ठेवून एकाच हाताने सुईवर उचलून घ्यायचं. तरी टोचलंच तर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट ओतायचं नाही. साबण आणि वाहतं पाणी, मग लगेच मेडिकल ऑफिसर. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू व्हायला हवीत आणि २८ दिवस घ्यावी लागतात. पेशंट बाधित असेल तर एचआयव्हीचा धोका हजारात तीनच्या आसपास असतो. हिपॅटायटिस बी ची लस घेतली नसेल तर त्याचा धोका तीस टक्क्यांपर्यंत जातो. तीन डोस झालेत का, हे आपलं आपण तपासावं, कार्यालय विचारेल याची वाट पाहू नये.

हातमोज्यांना न दिसणारी छिद्रं असतात आणि ते काढताना मनगटाला घाण लागते. त्यामुळे काढल्यावर हात स्वच्छ करायचेच: हँडरबने (हाताला चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावणाने) वीस ते तीस सेकंद, साबणाने चाळीस ते साठ. पाणी नाही ही तक्रार मात्र खोटी नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात साबणाला फेस येत नाही आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हात उघड मळलेले नसतील तर हँडरब पुरतो. दहा लिटर करायला ९६ टक्के इथेनॉल ८३३३ मिली, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, ग्लिसरॉल १४५ मिली, बाकी उकळून गार केलेलं पाणी. हे काम औषधनिर्मात्याने करायचं, आणि भरलेले कॅन ७२ तास ठेवून मगच वापरायला काढायचे. रक्त किंवा माती लागली असेल तर मात्र साबण-पाण्याशिवाय गत्यंतर नाही. त्यासाठी तोटी लावलेली झाकणाची टाकी ठेवा, बादलीत तांब्या बुडवू नका.

अँटिबायोटिकवर जास्त लिहीत नाही. गुंतागुंत नसलेल्या नॉर्मल डिलिव्हरीनंतर सरसकट अँटिबायोटिक देऊ नये, टाक्यांसाठीही नको, असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. अस्वच्छ हाताची भरपाई गोळीने होत नाही.

राहिली ‘खेड्याची मोकळी हवा’. तिचं उत्तर गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाच्या काळजीचं प्रशिक्षण दिलं. तिसऱ्या वर्षापर्यंत, बाकीच्या गावांशी तुलना करता, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हे १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यात जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणंही होतं, श्रेय एकट्या हात धुण्याला नाही. पण मोकळ्या हवेत जंतू टिकत नसते तर ती बाळं सेप्सिसने, म्हणजे अंगभर पसरलेल्या जंतुसंसर्गाने, गेलीच नसती.

ट्रेनिंग कंटाळवाणं असतं, हे मेसेजचं म्हणणं मला पटतं. सत्तर स्लाइड, चहा, सही आणि फोटो. त्यापेक्षा हातमोजे घालायला लावा, तळव्यावर चमचाभर पोस्टर कलर घाला आणि त्यांना डोळे मिटायला लावून ‘हात धुतल्यासारखा रंग चोळा’ म्हणा. डोळे उघडल्यावर अंगठ्याचं मूळ, नखांची टोकं आणि बोटांच्या बेचक्या बहुतेकांच्या कोऱ्या राहिलेल्या दिसतात. मग तेच रंगलेले मोजे मनगटाला डाग न लावता काढून दाखवायला सांगा. अर्ध्या तासाचं काम आहे. मेसेज लिहिणारा आला तर त्याच्यासाठीही एक जोडी राखून ठेवू.